सूचक जमुनाबाई

बुधाजी मास्तराच्या वागण्याबद्दल मी आजवर चार पाळकांकडे तक्रार केली. चारही पाळक बदलून गेले, मास्तर जिथल्या तिथे. माणूस तसा वाईट नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाच्या भानगडीत नाही. पण हाती वही आली की त्याच्या अंगात काहीतरी शिरतं. आधी शाळेत हेडमास्तर होता, आता सतरा वर्षं आमच्या चर्चच्या समितीचा चिटणीस आहे. समोरचा माणूस शिंकला तरी तो लिहून घेतो, आणि एकदा त्याने लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. मागे एका बैठकीत मी सहज बोलले, "ह्या पंख्यापरीस तर मी पदरानं वारा घालतो पाळकसाहेबाले." पुढच्या रविवारी फळ्यावर चिठ्ठी लागली, 'उन्हाळ्यात पाळकांना वारा घालण्याची सेवा : जमुनाबाई.' मी ती चिठ्ठी फाडली. फाडल्याचंही त्याने लिहून ठेवलं.

आता माझ्या खुर्चीचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या अमरावतीच्या चर्चमध्ये महिला मंडळाची एक वेताची खुर्ची आहे, जुन्या मिशनच्या बंगल्यातली. मंडळाच्या अध्यक्षेशिवाय तिच्यावर कोणी बसत नाही. रीत अशी, की पाळकसाहेबांची बायको तीच अध्यक्षा. पण गेली अकरा वर्षं देवाने माझी सोय पाहिली. एक पाळक आले, त्यांची बायको नोकरीपायी गडचिरोलीला. दुसरे आले ते विधुर. तिसऱ्यांनी लग्नच केलेलं नव्हतं. बायको हजर नसली की मंडळातली सर्वांत वडील बाई बसणार, आणि वयाच्या बाबतीत माझ्याशी कोणी भांडत नाही.

पहिल्या दिवशी मी बसले तर माझे पाय लोंबकळायला लागले. आमचे मालक नत्थुजी दवाखान्यात कंपाउंडर होते, हाताचे मोठे कसबी. त्यांनी घरून करवत आणली, खुर्चीचे पाय चार-चार बोटं कापले, आणि मी वाळल्या भेंडीसारखी बारीक, म्हणून खुर्चीचे दोन्ही हात आत सरकवून माझ्या मापाचे केले. त्यानंतर त्या खुर्चीवर मीच बसू जाणे. मालक गेले, खुर्ची राहिली.

मी चौथीपर्यंत शिकले. मंडळात निम्म्या मास्तरणी, निम्म्या नर्सबाया. कागद वाचायचा झाला की त्या पुढे, मी मागे. पण मी खुर्चीवर बसले की सगळ्या उभ्या राहून प्रार्थना म्हणतात, आणि मी 'बसा' म्हटल्यावरच बसतात. चर्चमध्ये माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

नाताळ झाला, आणि बिशपसाहेबांचं पत्र आलं. नवीन पाळक येणार, अकोल्याहून. रेव्हरंड रागिणी उमाळे. बाई पाळक! आमच्याकडे ही पहिलीच वेळ. पुरुष मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. सगळ्यांत आनंद झाला तो मला. हिशेब सरळ होता. बाईला बायको नसते. बायको नाही, म्हणजे खुर्ची माझ्याकडे. मी त्या दिवशी चर्चच्या कंपाऊंडात घरोघरी पेढे वाटले. लोक म्हणाले, "जमुनाबाईचं मन मोठं हाय बाप्पा, नव्या जमान्याचं हाय." मी म्हटलं, "हायच मुळी."

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर स्वागताची बैठक बसली. आमच्याकडे नव्या पाळकाच्या स्वागताचं सगळं ठरलेलं असतं. पाळकाला फेटा. पाळकाच्या बायकोला साडी-चोळी, आणि लगेच तिची खुर्चीवर स्थापना. मग सगळ्यांना माझ्या हातचे, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. मास्तर एकेक विषय वाचत होता. सहाव्या विषयापर्यंत बरं चाललं.

"विषय क्रमांक सात," मास्तर म्हणाला. "पाळकाच्या जोडीदाराची महिला मंडळाच्या अध्यक्षपदावर स्थापना."

"थ्या विषयावर काट मारा," मी म्हटलं. "बाईले कायची बायको?"

"बायको नाही जी, पण नवरा हाय नं. श्रीयुत शुभंकर. अकोल्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक हायेत."

"हाय तर राहू द्या. गाड्या दुरुस्त करू द्या त्याले."

"पण नियमात तं जोडीदार म्हणलं हाय. हे पाहा, पान अकरा. जोडीदार असन तं थोच अध्यक्ष. नसन, तवाच वडील बाई. अन् जोडीदार तं हाय."

"महिला मंडळावर माणूस?"

"बाई माणूस का बुवा माणूस, असं पान अकरावर काई नाही."

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "असं हाय का? मंग आना त्या जावयाले! द्या त्याले साडी-चोळी, बसवा माह्या खुर्चीवर, अन् समोर उभ्या राहून म्हणा पोरीहो, अध्यक्षसाहेब की जय! हार तं मी सोता घालतो त्याच्या गळ्यात! घ्या!"

बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. अनुपमा सिस्टर, जिने सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं बाळंतपणं केली, ती डोळे पुसत ओरडली, "हाव हाव, बसवा! भल्ली मजा येईन!"

एक मास्तर तेवढा हसला नाही. तो लिहीत होता.

बैठक संपली तशी त्याने वही माझ्यापुढे धरली. "सही करा जी. वाचून घ्या पयले."

माझा चष्मा घरी, फ्रिजवर. तसं माझं वाचनही मोठ्या अक्षरांच्या बायबलापुरतंच, आणि मास्तराचं अक्षर म्हणजे साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्या. पण भोवती सगळ्या मास्तरणी उभ्या. मी वही हातभर लांब धरली. बराच वेळ धरली. दोनदा मान हलवली, एका ठिकाणी 'हं' म्हटलं, पान उलटून मागे कोरं होतं तेही बघितलं, आणि सावकाश सही केली. ज, मु, ना.

दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत होते, तर माझी सून माधवी मोबाइल घेऊन मागच्या अंगणात आली.

"आई, ग्रुपवर तुमचं अभिनंदन चालू हाय."

"माह्यं? कायचं? माह्या वाढदिवसाले तं टाइम हाय."

"बिशपसाहेबाचं पत्र टाकलं हाय मास्तरनं. वाचू?" आणि ती वाचायला लागली. बिशपसाहेब लिहितात, 'आपल्या मंडळीचा ठराव क्रमांक सात वाचून माझे मन आनंदाने भरून आले. पाळकांच्या पतीस महिला मंडळाचे अध्यक्षपद, तेही मंडळातील सर्वांत वडील भगिनीच्या सूचनेवरून! आदरणीय जमुनाबाईंच्या थोर मनाला माझा सलाम. या स्वागतास मी स्वतः येत आहे.' खाली फुलंच फुलं, जोडलेले हात आणि टाळ्या.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "ठरावात काय लिवलं हाय, थे वाच."

तेही होतं. मास्तराने वहीच्या पानाचा फोटो टाकला होता. 'श्री. शुभंकर उमाळे यांची महिला मंडळाच्या अध्यक्षपदी सन्मानपूर्वक स्थापना करण्यात यावी. प्रथेप्रमाणे त्यांस साडी-चोळी अर्पण करावी व जयजयकार करावा. हार जमुनाबाई स्वतः घालतील. सूचक, श्रीमती जमुनाबाई. अनुमोदक, सिस्टर अनुपमा. ठराव आनंदाच्या वातावरणात मंजूर.'

मी शेंगांचं टोपलं बाजूला केलं आणि पायात चप्पल न घालता मास्तराचं घर गाठलं. तो ओट्यावर पेपर वाचत होता.

"मास्तर, तुमी बह्याड हाये का? मी थे रागानं बोलली होती!"

"वहीत राग लिवाची जागा नाही जी. सूचना लिवाची हाय."

"थे सूचना नोती! थे टोमणा होता!"

"मंग तवाच म्हणा लागत होतं, का हा टोमणा हाय, लिवू नोका." त्याने वही आणली, पान उघडलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं. "अन् मी वाचून घ्या म्हणलो होतो. तुमी वाचली का नाही? न वाचता सही केली असन, तं तसं सांगा. मी बिशपसाहेबाले कळवतो, का जमुनाबाईनं न वाचता सही केली, ठराव रद्द."

ओट्याच्या बाजूला नळावर दोन मास्तरणी पाणी भरत होत्या. दोघींचे हंडे भरून वाहायला लागले होते, पण नळ बंद करायला कोणी तयार नव्हतं.

"वाचली," मी म्हटलं. "दोनदा वाचली."

झालं. खुर्ची गेली ती तिथे गेली.

त्यानंतर माझी स्तुती सुरू झाली, आणि स्तुतीसारखा छळ नाही. दूधवाला म्हणाला, नाव ऐकलं तुमचं. अकोल्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्षेचा फोन आला. ही बाई जुन्या शहरात राहते आणि साखरेत घोळून बोलते. "जमुनाबाई, आमच्याच्यानं नसतं झालं बरं असं. आपली खुर्ची आपल्या हातानं द्याची म्हंजे! आमी सगळ्या पाहाले येऊन राहिलो, मिनीबस केली हाय." मी म्हटलं, "या, या. डबे घेऊन या, उरलंसुरलं बांधून देतो."

एकच वाट उरली होती. त्या जावयानेच नको म्हणायला पाहिजे. मी माधवीला नंबर लावायला सांगितला.

"सलाम, आई!" पलीकडून एवढा मोठा आवाज आला की माधवीने मोबाइल लांब धरला. मागे बसचं इंजिन धडधडत होतं.

"सलाम बाबू," मी गोड आवाजात म्हटलं. "म्हणलं, तुमाले भल्ला त्रास हुईन. बायायची कामं असतात ह्यात. पापड लाटा, कुरडया करा, दुखणाइताच्या घरी जाऊन बसा. तुमी नाही म्हणलं तं कोणी वाईट वाटून घेनार नाही. मी तं बिलकुल नाही."

"त्रास कायचा, आई?" तो म्हणाला, आणि मागचं इंजिन बंद झालं. "आई, मी आठ वर्सापासून पाळकाचा नवरा हाव. तीन चर्च झाले. पाळकाची बायको आली का तिले हार असते, खुर्ची असते, नाव असते. मी आलो का म्हणते, बाबू, जरा थे सतरंज्या उचलता का? थो भोंगा वर बांधता का? कोणी सांगत नाही का मी कुठी बसू. तुमचा ठराव आला नं आई, तं रागिणीनं मले तीन डाव वाचून दाखवला. मी म्हणलो, अमरावतीत कोण्या तरी मायनं मले जागा काढून ठेवली."

माधवी माझ्याकडे बघत होती.

"आई? आयकून राहिल्या नं? साडीचा रंग कोणता हाय? माही माय चांदूर बाजारले राहते. तिले जांभळा आवडते."

"जांभळाच हाय," मी म्हटलं. फोन बंद झाल्यावर माधवीला सांगितलं, "साडी बदलून आणा लागते. हिरवी हाय थे."

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही असं काही मी सांगणार नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठून मी ती खुर्ची घासली. वेताच्या भोकाभोकांतून काडीने धूळ काढली. नत्थुजींनी कापलेल्या पायांना तेल लावलं. द्यायचीच तर लखलखीत द्यायची, नाहीतर अकोल्याच्या बायांना बोलायला जागा होईल.

स्वागताचा रविवार उजाडला. चर्च गच्च भरलं. बिशपसाहेब आले, अकोल्याची मिनीबस आली, चांदूर बाजारहून शुभंकरची म्हातारी आई आली. रागिणीबाई पांढऱ्या झग्यात, ठेंगणीशी, हसऱ्या तोंडाची. आल्या आल्या माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, मले समदे तुमचंच सांगून राहिले. मले तं भेव लागते तुमचं." मला पोरगी तिथेच आवडली. चर्चची किल्ली तिच्या हातात दिली, आणि मग फेटा. फेटा मीच बांधला. झग्यावर तो केशरी फेटा असा शोभला की बिशपसाहेबांनी आपली टोपी दोनदा सारखी केली.

मग विषय क्रमांक सात. शुभंकर पुढे आला. आला म्हणजे काय, दारातून आला तेव्हा उजेड कमी झाला. सहा फूट उंच, एसटीचं इंजिन एकट्याने उचलेल असं अंग, मिशा, आणि चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवासारखी लाज. मी हार घालायला हात वर केले तर ते त्याच्या छातीपर्यंतच गेले. तो माझ्यापुढे गुडघ्यावर बसला, तेव्हा हार गळ्यात गेला. साडी-चोळी त्याने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि पहिल्या रांगेत जाऊन आईच्या मांडीवर ठेवली. म्हातारी रडायला लागली. अकोल्याच्या बायाही रडायला लागल्या, ज्या काही रडायला मिनीबस करून आल्या नव्हत्या.

"अध्यक्षसाहेब, खुर्ची," मास्तर म्हणाला.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मला माहीत होतं ती खुर्ची कोणाच्या मापाची आहे. पण बोलले असते तर लोक म्हणाले असते, शेवटी म्हातारीचा जीव अडकलाच. मी बाजूला सरकले. शुभंकर हळूहळू बसला. खुर्ची करकरली. त्याचे गुडघे हनुवटीजवळ आले, पण त्याने हात मांडीवर ठेवले आणि अध्यक्षासारखं समोर बघितलं.

पुढे सगळं शांतपणे झालं. गीत झालं, भाषण झालं. शेवटी आशीर्वादासाठी बिशपसाहेबांनी हात वर केले. सगळी मंडळी उभी राहिली. शुभंकर उभा राहिला. खुर्चीही उभी राहिली.

आशीर्वादाला डोळे मिटायचे असतात. त्या माणसाने मिटले. मान खाली, हात जोडलेले, मागे खुर्चीचे चार पाय हवेत. बिशपसाहेब डोळे मिटून आशीर्वाद देत होते. मी माझे डोळे उघडेच ठेवले होते, मला खुर्चीची काळजी. मग माझ्या शेजारणीचे उघडले. मग तिच्या शेजारणीचे. 'आमेन' म्हणायची वेळ आली तेव्हा निम्म्या चर्चच्या तोंडातून आमेनऐवजी हसू फुटलं.

रागिणीबाईने वेदीजवळून हळूच म्हटलं, "शुभंकर, खुर्ची सोड."

"मी सोडली व," तो डोळे न उघडता म्हणाला. "थे सोडून नाही राहिली."

मास्तर धावला. त्याने मागून खुर्चीचे पाय धरले. अनुपमा सिस्टरने पदर खोचला आणि पुढची सूत्रं हातात घेतली. "मास्तर, मी म्हणन तवाच ओढा. जावईबापू, घाबरू नोका. लांब श्वास घ्या. आता सोडा. सगळा सोडा. पोट आत... आता ओढा!"

खुर्ची सुटली. मास्तर खुर्चीसकट मागे गेला आणि फरशीवर बसला, खुर्ची त्याच्या मांडीवर. टाळ्या एवढ्या वाजल्या की बाहेरची कबुतरं उडाली.

शुभंकरने कपडे झटकले. मग वाकून मास्तराला उठवलं आणि विचारलं, "मास्तर, पान अकरावर खाली काय लिवलं हाय? तुमी पत्रासंगं सगळी नियमावली पाठवली होती. मी वाचली हाय."

मास्तराला नियम विचारला की तो दुखणं विसरतो. त्याने खिशातून नियमावली काढली. "'अध्यक्षांस काही कारणाने आसनस्थ होता येत नसेल, तर त्यांनी आपल्या जागी वडील सभासदास बसवावे.'"

"मले आसनस्थ होता येत नाही," शुभंकर म्हणाला. "समद्यायनं पाह्यलं. बिशपसाहेबानं बी पाह्यलं असन, जरी डोळे मिटले होते." मग तो माझ्याकडे आला आणि हळूच बोलला, फक्त मला ऐकू जाईल असं. "आई, काम मले द्या, यादीत नाव मले द्या. खुर्ची तुमी घ्या. हे तुमच्या मापाची हाय. कोणीतरी मन लावून कापली हाय थे, मले पाय पाहूनच समजलं. मेकॅनिक हाव मी."

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. मी जाऊन बसले. पाय जमिनीला टेकले. सगळे उभेच होते.

"बसा," मी म्हटलं.

सगळे बसले. बिशपसाहेबसुद्धा बसले.

गोष्ट इथे संपली असती तर मास्तर सुटला असता. पण चर्चमागच्या अंगणात रोडगे तयार होते, आणि अध्यक्ष शुभंकरने पहिला हुकूम काढला. "आज मंडळाच्या बाया पयले जेवतील. माणसं वाढतील."

आमच्याकडे असं कधी झालेलं नव्हतं. साठ बाया पंगतीला बसल्या. मी माझी खुर्ची चिंचेखाली आणवली आणि ताट मांडीवर घेतलं. शुभंकर रोडगे कुस्करून तूप ओतत होता, बिशपसाहेब मिठाचं भांडं घेऊन फिरत होते, आणि मास्तराच्या हातात वरणाची बादली. मास्तराला साडेबाराला जेवायची सवय. दोन वाजले. बाया मुद्दामच सावकाश जेवत होत्या. अकोल्याच्या अध्यक्षेने तिसऱ्यांदा वरण मागितलं.

"मास्तर, पातळ नको, जरा बुडातलं द्या," ती म्हणाली.

"मास्तर, इकडे पाणी," दुसरी ओरडली.

"मास्तर, भांडे कोण घासन जी नंतर?" अनुपमा सिस्टरने विचारलं.

मास्तराने बादली खाली आपटली. नाकाचा शेंडा लाल. "घासतो नं! मीच घासतो! समदे गंज, समदे कढया मी एकटा घासतो! आजच कायले, दर सणाले मीच घासत जातो! अजून काय पाह्यजे?"

मी हातातला घास खाली ठेवला.

"अनुपमा," मी म्हटलं, "वही आण."

मास्तराच्या तोंडचं पाणी पळालं. "जमुनाबाई, मी थे... मी टोमण्यानं बोललो."

"तवाच म्हणा लागत होतं," मी म्हटलं, "का हा टोमणा हाय, लिवू नोका. अनुपमा, लिव. सूचक, बुधाजी मास्तर. अनुमोदक?"

साठ खरकटे हात वर झाले. एक स्वच्छ हातही वर होता, त्याच्या दुसऱ्या हातात मिठाचं भांडं.

अनुपमा सिस्टरने चाळीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी बसून लिहिलं. तिचं अक्षर औषधाच्या दुकानातल्या माणसाशिवाय कोणाला लागत नाही. तिने पानभर लिहून वही मास्तरापुढे धरली. मास्तराने ती जवळ घेतली, लांब धरली, तिरपी केली. भोवती त्याच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या मास्तरणी उभ्या होत्या.

"वाचून घ्या जी," मी म्हटलं. "घाई नाही."

त्याने दोनदा मान हलवली. एका ठिकाणी 'हं' म्हटलं. पान उलटून मागे बघितलं. आणि सही केली.

मग त्याला ताट वाढायला मी स्वतः उठले. चार रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी काठोकाठ. तो मान खाली घालून जेवला, आणि जेवण झाल्यावर, खरं सांगते, काही न बोलता बाह्या वर करून हौदाकडे गेला. शुभंकर मदतीला निघाला होता, मी त्याला थांबवलं. सगळ्यांत मोठं पातेलं, वांग्याच्या भाजीचा गंज, तेवढा मी उचलला, मास्तरापुढे नेऊन ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"मास्तर, तुमी माणूस इमानदार हाये, थे आज समद्यायपुढे सांगतो. पण तुमाले फक्त शब्द आयकू येते, बोलनारा दिसत नाही. पुढच्या टायमाले लिवाच्या आधी माह्या तोंडाकडे पाहात जा. अन् हा गंज बुडाले लागला हाय. राखेनं घासा."